पावसाच्या गावी चाकांवरचे घर

मोटारीमागे लहानसे घर जोडायचे आणि मनाला येईल तिथे मुक्काम ठोकायचा, ही कल्पना आपल्याकडे आता नवलाईची राहिलेली नाही. 2021 साली महाराष्ट्र सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. तेव्हापासून दोन पलंग, एक ओटा आणि चार दिवे एवढाच संसार असलेले छोटे ट्रेलर रस्त्यांवर अधूनमधून दिसू लागले आहेत. आणि कोल्हापूरकराने असे घर जोडले की त्याची पावले पावसाळ्यात कुठे वळणार? अर्थातच गगनबावड्याला!

अंतर 55 किलोमीटरच्या आसपास. एका अंगाला करूळचा घाट, दुसऱ्या अंगाला भुईबावड्याचा, वर धुक्यात बुडालेला गगनगड. कोल्हापूर शहरात वर्षाकाठी हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. इथे तो पाच हजारांच्या वर जातो. डोळ्यांना हे सुख खरे, पण ट्रेलरमधल्या बॅटरीची खरी परीक्षा पाहणारे गावही हेच.

अशा ट्रेलरमध्ये बहुधा 12 व्होल्टची, 100 अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी असते. हिचे कूळ जुने. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने ती 1859 मध्ये तयार केली आणि घरच्या इन्व्हर्टरखाली बसलेली बॅटरी आजही त्याच वंशातली आहे. कागदावर तिच्यात 1200 वॅट-तास वीज मावते. पण ती निम्म्याहून खाली वारंवार उतरवली, की तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणजे हाती लागणारी वीज 600 वॅट-तासच.

आता घरातल्या किराणा मालाच्या यादीसारखी विजेची यादी करू. पाच वॅटचे चार दिवे पाच तास लावले तर 100. दमट हवा बाहेर फेकणारा 20 वॅटचा पंखा आठ तास चालवला तर 160. चार मोबाइलचे 60. बेरीज 320. आता छोटा फ्रीज घ्या. 45 वॅटचा, दिवसातले निम्मे तास चालणारा. तो एकटाच 540 खातो! एकूण 860. जमा 600, खर्च 860. पहिल्याच पहाटे दिवे का मिणमिणतात, त्याचे उत्तर या बेरजेत आहे.

मग दुकानदार सांगतो, ‘लिथियम बसवा.’ सल्ला खोटा नाही. लिथियम आयर्न फॉस्फेट या जातीची बॅटरी अशा कामाला उत्तम. या जातीची माहिती देणारा जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतला शोधनिबंध 1997 चा, आणि त्यावर पाधी व नंजुंडस्वामी ही दोन भारतीय नावे आहेत. त्याच 100 अँपिअर-तासांच्या बॅटरीतून इथे 1150 वॅट-तास निर्धास्त वापरता येतात. वजन 30 किलोऐवजी 12-13 किलो. पाणी घालणे नाही, आम्लाचा त्रास नाही.

पण बॅटरी म्हणजे पाण्याची टाकी. टाकी मोठी केली म्हणून नळाला जास्त पाणी येत नाही. छतावरची 200 वॅटची सौर पाटी उन्हाळ्यात दिवसाला 800 वॅट-तास देते. आषाढात गगनबावड्याला तिच्याकडून पाचवा हिस्सा मिळाला तरी नशीब म्हणायचे. राहिली मोटार. मोटारीतून ट्रेलरची बॅटरी भरणारा 20 अँपिअरचा चार्जर कोल्हापूर-गगनबावडा या दीड तासात 30 अँपिअर-तास, म्हणजे 400 च्या आत-बाहेर वॅट-तास भरतो. हा चार्जर मध्ये हवाच. लिथियम थेट मोटारीच्या अल्टरनेटरला जोडली, तर ती इतका प्रवाह ओढते की अल्टरनेटर तापून निकामी होऊ शकतो.

म्हणजे सगळा खर्च करूनही फ्रीजसह दोन पूर्ण दिवस भर पावसात निघत नाहीत. उलट फ्रीज बंद ठेवून बर्फाची पेटी नेली, तर लिथियमवर तीन दिवस आरामात जातात आणि चांगल्या स्थितीतली जुनी बॅटरीही दोन रात्री जेमतेम काढून देते. शनिवार-रविवारच्या सहलीसाठी पैसे मोजण्यापूर्वी हा हिशेब घरच्या मंडळींसमोर मांडावा.

मग बदल करायचाच नाही का? तसेही नाही. समजा, सोबत दम्याच्या आजी आहेत. गार, ओलसर हवेत रात्री दोन वाजता त्यांना वाफेचे औषध द्यायची वेळ आली. नेब्युलायझरचे यंत्र 120 वॅटचे धरले, तर दहा मिनिटांना 25 वॅट-तासही लागत नाहीत. पण म्हातारी शिशाची बॅटरी हा भार पडताच व्होल्टेज सोडते, इन्व्हर्टर ‘पीं’ करून बंद पडतो आणि वीज शिल्लक असूनही यंत्र चालत नाही. लिथियमचे व्होल्टेज असे कोसळत नाही. ज्यांच्या घरी असे दुखणे आहे त्यांनी बदल जरूर करावा. मात्र थोडी वीज रात्रीसाठी राखीव ठेवावी आणि निघण्यापूर्वी घरीच ते यंत्र इन्व्हर्टरवर चालवून पाहावे. लिथियम जवळजवळ रिकामी होईपर्यंत व्होल्टेज फारसे बदलत नाही, म्हणून व्होल्टमीटरवर विसंबू नये. आत-बाहेर जाणारे अँपिअर मोजणारा मीटर बसवावा.

जोडणी करताना काही पथ्ये पाळावीत. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात फ्यूज हवाच. वायर प्रवाहाला पुरेल एवढी जाड हवी. जुन्या शिशाच्या बॅटरीला नवी लिथियम समांतर जोडू नये. शिशाची बॅटरीच ठेवणार असाल तर ती मुलांच्या पलंगाखाली बंद खोक्यात कोंडू नका. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, त्याला बाहेर जायला वाट हवी. गगनबावड्याच्या दमट हवेत टोकांवर हिरवा-पांढरा थर लवकर चढतो. तो पुसून वर ग्रीस लावावे.

आणि एक गोष्ट घाटासाठी. पुष्कळ ट्रेलरमध्ये बॅटरी पुढे, जोडाच्या दांड्यावर असते. तिथले 18 किलो कमी झाले की ट्रेलरचे नाक हलके होते आणि नाक हलके झालेला ट्रेलर उतारावर शेपटीसारखा डुलू लागतो. ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहावा हिस्सा जोडावर असावा, असा ढोबळ नियम आहे. बॅटरी बदलली की सामान पुढे सरकवून तोल साधावा आणि मगच करूळचा घाट उतरावा.

काढलेली बॅटरी भंगारवाल्याला देऊ नये. तिच्यातले शिसे आणि आम्ल जमिनीत मुरले तर विहिरीपर्यंत जाते. 2022 च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. नवी घेताना जुनी दुकानातच द्यावी. किमतीत थोडी सूटही मिळते.