हिपॅटायटिस ई मुक्कामाला राहतो तेव्हा

आज आपण हिपॅटायटिस ई या विषाणूबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, यात दुर्मिळ काय? दूषित पाण्यातून होणारी कावीळ आपल्याला चांगलीच माहीत आहे. १९५५-५६ साली दिल्लीत काविळीची मोठी साथ आली, तिच्यामागेही हाच विषाणू होता, हे पुढे कळलं. गरोदरपणात हा आजार घातक ठरू शकतो. एरवी बहुतेकांना काही आठवड्यांत आपोआप बरं वाटतं.

पण २००८ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझच्या डॉक्टरांनी वेगळंच दाखवलं. अवयव प्रत्यारोपण झालेल्या काही रुग्णांच्या शरीरातून हा विषाणू जाईचना. आपल्याकडच्या साथी मुख्यतः प्रकार १ च्या. हा जुनाट आजार मात्र प्रामुख्याने प्रकार ३ चा. तो युरोपात डुकराच्या अर्धकच्च्या मांसातून येतो.

आता अडचण बघा. रुग्णाला बहुधा कावीळ दिसतच नाही. लिव्हरची एन्झाइम्स जराशी वाढतात, इतकंच. प्रतिकारशक्ती दबलेली, म्हणून अँटिबॉडी चाचणीही निगेटिव्ह येऊ शकते. त्यामुळे थेट विषाणू शोधणारी पीसीआर चाचणी लागते. ३ महिन्यांनंतरही विषाणू सापडला, तर आजार जुनाट समजतात. दुर्लक्ष झालं तर काहींना थोड्याच वर्षांत सिरॉसिस होतो.

उपचारात खरी ओढाताण आहे. टॅक्रोलिमससारखी औषधं नवी किडनी सांभाळतात, पण तीच विषाणूलाही अभय देतात. म्हणून पहिली पायरी म्हणजे शक्य असेल तर या औषधांचा डोस कमी करणं. एवढ्यानेच साधारण एक तृतीयांश रुग्ण विषाणूमुक्त होतात. मात्र डोस फार उतरवला तर शरीर किडनीच नाकारू शकतं.

तेवढ्याने भागलं नाही, तर रिबाव्हिरिन, साधारण ३ महिने. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५९ पैकी ४६ रुग्ण, म्हणजे ७८ टक्के, यातून विषाणूमुक्त झाले. पण या औषधाने हिमोग्लोबिन उतरतं, किडनी कमजोर असेल तर जास्तच. गरोदरपणात तर ते चालतच नाही. शिवाय थांबण्यापूर्वी रक्ताबरोबर शौचाचीही तपासणी करतात. तिथे विषाणू उरला असेल, तर आजार उलटण्याची भीती असते.

तेव्हा घरात कुणाचं प्रत्यारोपण झालं असेल, तर एवढं लक्षात ठेवा: एन्झाइम्स वाढलेली राहिली, तर हिपॅटायटिस ईची पीसीआर करायची का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. आणि डोस स्वतःच्या मनाने कधीही कमी करू नका.