भोणचा स्तूप आणि वऱ्हाडातील अभ्यासक

बौद्धविद्येचे संशोधन एकाच शास्त्राच्या बळावर पूर्ण होत नाही. बुद्धजयंतीच्या २५०० व्या वर्षानिमित्त १९५६ साली प्रा. पु. वि. बापट यांनी संपादिलेला ग्रंथ अनेक विद्वानांच्या लेखणीतून सिद्ध झाला, हे वाचकांस विदित आहेच. आंतरराष्ट्रीय बौद्ध अध्ययन संघाची स्थापनाही १९७६ साली याच जाणिवेतून झाली. वऱ्हाडात ही गरज किती निकडीची आहे, हे भोणच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल.

बुलडाणा जिल्ह्यातील संग्रामपूर तालुक्यात, पूर्णेच्या काठी असलेल्या भोण येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने या शतकाच्या पहिल्या दशकात उत्खनन केले. त्यात विटांच्या स्तूपाचे अवशेष मिळाले. उत्खनकांच्या मते तो मौर्यकालीन असावा. स्तूप केव्हाचा, हे पुरातत्त्वज्ञ मातीच्या थरांवरून सांगतो. तो कोणासाठी, हा प्रश्न मात्र पालीच्या अभ्यासकाने विचारावयाचा. महापरिनिब्बानसुत्तात स्तूपार्ह असे चौघे सांगितले आहेत: तथागत, प्रत्येकबुद्ध, तथागतांचा श्रावक आणि चक्रवर्ती राजा. स्तूप चव्हाट्यावर उभारावा, असेही तेथे म्हटले आहे. मग भोणजवळून कोणते प्राचीन मार्ग जात होते? येथे भूगोलाचा जाणकार हवा.

हे स्थळ जिगाव धरणाच्या बुडीत क्षेत्रात येत असल्याने या प्रश्नांना मुदत आहे. अमरावती आणि अकोला येथील पाली व इतिहासाच्या अध्यापकांनी उत्खनकांसह एकत्र बसून, सत्कार-हारतुऱ्यांस फाटा देऊन, उत्खननाची साधने आणि सुत्ताची पाने शेजारी ठेवून वाचावीत, असे आम्ही सुचवितो. पहिली बैठक भोणलाच व्हावी.