परसातला आलुबुखार : जात, जोडी आणि जोपासना

फळांसाठी लावल्या जाणाऱ्या आलुबुखाराचे दोन मुख्य गट आहेत : युरोपी आणि जपानी. पीच, जर्दाळू, चेरी आणि बदाम हे दोघांचेही भाऊबंद. युरोपी फळ बहुधा लांबट, घट्ट गराचे आणि साखरेने भरलेले असल्याने वाळवायला योग्य ठरते. जपानी फळ गोल, रसाळ, आंबटगोड. त्याचे मूळ मात्र चीनमधले. ल्यूथर बरबँक यांनी १८८५ साली जपानहून रोपे मागवून कॅलिफोर्नियात संकराचे काम केले. त्यांनी १९०६ साली आणलेली ‘सांता रोजा’ ही जात आज हिमाचल प्रदेशातल्या प्रमुख जातींपैकी एक आहे.

जात ठरवताना पहिली कसोटी थंडीची. पानगळीनंतर झाडाचे डोळे सुप्तावस्थेत जातात आणि पुरेशी थंडी मिळाल्याशिवाय नीट फुटत नाहीत. ही थंडी ७.२ अंश सेल्सियसखालच्या तासांत मोजतात. युरोपी जातींना साधारण ८०० ते १,५०० तास लागतात, तर जपानी जातींना १०० ते ८००. म्हणूनच हिमाचलात जपानी जाती १,००० ते १,६०० मीटर उंचीवर आणि युरोपी जाती १,३०० ते २,००० मीटरवर शोभतात. पंजाबच्या सपाटीवर ‘सतलज पर्पल’ आणि ‘काला अमृतसरी’ या कमी थंडीच्या जाती चालतात. थंडी अपुरी पडली की फूट मागेपुढे होते, फुले गळतात आणि झाड नुसते पानांनी भरते. पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यात पहाटे गारठा असला तरी दुपारी पारा तिशीजवळ जातो. त्यामुळे तिथल्या परसात आलुबुखाराची आशा धरू नये.

दुसरी कसोटी जोडीची. बहुतेक जपानी जाती स्वतःच्या परागावर फळ धरत नाहीत. ‘सतलज पर्पल’ एकटी लावली तर बहर येतो, फळ नाही. तिच्याजवळ ‘काला अमृतसरी’ लागते. ‘सांता रोजा’ काही प्रमाणात स्वफलित आहे, तरी सोबतीने ती अधिक धरते. जोडी त्याच गटातली आणि एकाच सुमारास फुलणारी हवी. जपानी झाडात १६ गुणसूत्रे, युरोपी झाडात ४८; त्यामुळे या दोघांचे एकमेकांशी जमत नाही. युरोपीतल्या ‘व्हिक्टोरिया’ आणि ‘स्टॅन्ले’ स्वफलित आहेत. परागाची ने-आण मधमाश्या करतात, म्हणून बहरात कीटकनाशक फवारू नये.

रोप कलमीच घ्यावे. हिमालयात जंगली पीच किंवा जंगली जर्दाळूच्या खुंटावर कलम बांधतात. लागवड झाड झोपेत असताना, डिसेंबर ते फेब्रुवारीत करतात. निचऱ्याची खोल जमीन, मीटरभर लांब-रुंद-खोल खड्डा, चांगले कुजलेले शेणखत आणि दोन झाडांत सुमारे सहा मीटर अंतर ठेवावे. कलमाचा जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. दरीच्या तळाशी थंड हवा साचते, म्हणून उतार बरा. पूर्ण बहरात उणे दोन अंशांपासून फुले मरू लागतात, तर उणे पाच अंशांत बहुतेक बहर जातो.

जपानी झाडाला मध्य मोकळा ठेवून तीन-चार मुख्य फांद्यांवर वळण देतात. फळ आखूड फळफांद्यांवर आणि काही प्रमाणात गेल्या वर्षीच्या फांदीवर येते. त्यामुळे दर हिवाळ्यात जुने लाकूड काढून नवी फूट मिळवावी लागते. युरोपी झाडाला हलकी छाटणी पुरते. ओलसर थंडीच्या इंग्लंडमध्ये छाटणी उन्हाळ्यात करतात, कारण हिवाळ्यातल्या जखमांतून ‘सिल्व्हर लीफ’ ही बुरशी शिरते. मोठ्या कापांवर बोर्डो पेस्ट लावावी.

झाड पेलेल त्याहून जास्त फळे धरते. फळ लहान असतानाच विरळणी करून दोन फळांत आठ-दहा सेंटिमीटर अंतर ठेवले तर आकार सुधारतो आणि फांद्या मोडत नाहीत. फळ फुगत असताना, एप्रिल ते जूनमध्ये, पाण्याचा ताण देऊ नये. पाने वळवणारा मावा, सॅन होजे खवले कीड, फळमाशी आणि खोडातून डिंक गळणे हे नेहमीचे त्रास. खवले किडीवर झोपेतल्या झाडावर फवारलेले बागायती तेल उपयोगी पडते.

तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून फळ मिळू लागते. ‘सतलज पर्पल’ मेच्या सुरुवातीला, तर हिमाचलातली ‘सांता रोजा’ जूनमध्ये तयार होते. घरी खायचे फळ झाडावर पूर्ण रंगू द्यावे. दूर पाठवायचे थोडे आधी काढावे. परसात एकाच झाडाला जागा असेल आणि थंडी पुरेशी असेल, तर ‘सांता रोजा’ निवडावी आणि तिच्याच एका फांदीवर त्याच सुमारास फुलणाऱ्या दुसऱ्या जपानी जातीचे कलम बांधावे.