रुमाल टाकून धरलेली जागा

गाण्यात शब्द आधी की चाल आधी, हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. 'गीतरामायणा'त माडगूळकरांचे शब्द आधी आले आणि सुधीर फडक्यांनी त्यांना चाली लावल्या. सिनेमात मात्र बहुधा उलटी रीत. चाल तयार असते, गीतकार यायचा असतो; तोवर संगीतकार काहीतरी अगडबंब शब्द घालून ती गुणगुणत बसतो. त्या शब्दांना अर्थ असलाच पाहिजे असे नाही. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तसे ते. खरा उतारू आला की रुमाल उचलायचा!

आता अशी कल्पना करा, की उतारू आलाच नाही, गाडी सुटली, आणि रुमालच सगळे जग फिरून आला. स्वीडनमध्ये १९८८ च्या ऑक्टोबरात निघालेल्या 'लुक शार्प!' या तबकडीची गोष्ट ती हीच.

तबकडी 'रॉक्सेट' या जोडीची. पेर गेस्ले आणि मारी फ्रेडरिक्सन. ही दोघे नवराबायको असतील असा पुष्कळांचा समज असे. तसे काही नव्हते. स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या हाल्मस्टाड या गावात त्यांची मैत्री जमली, आणि पुढे दोघांनी आपापले संसार वेगवेगळे थाटले. गेस्ले गाणी रचणारा. 'गिलेने टीडेर' या वाद्यवृंदामुळे त्याचे नाव स्वीडनभर झाले होते. मारी ही खेड्यात वाढलेली, पाच भावंडांतली धाकटी, टपालवाल्याची मुलगी. ती सात वर्षांची असताना थोरली बहीण मोटार-अपघातात गेली. आवाज मात्र असा, की स्वीडिश भाषेतल्या स्वतंत्र तबकड्यांवर तिचे उत्तम चालले होते. दोघांनी मिळून इंग्रजीत गावे, ही सूचना ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या ई.एम.आय. कंपनीच्या स्वीडनमधल्या प्रमुखाची. १९८६ सालची पहिली तबकडी मायदेशात खपली. बाहेर कुणी विचारले नाही.

दुसरीच्या वेळी निर्मितीची सूत्रे पुन्हा क्लॅरेन्स एफ्वेरमान याच्याकडे होती. हा स्वतः पेटी-पियानोवाला माणूस. गिटारीला योनास इसाकसन. कामाची विभागणी साधी होती: गेस्लेने रचायचे, मारीने गायचे. तबकडीवरचे 'लिसन टू युवर हार्ट' ऐकावे म्हणजे ही विभागणी किती शहाणपणाची होती ते कळते. संसार मोडायच्या बेतात आलेल्या एका मित्राच्या घालमेलीवरून गेस्लेला ते सुचले. मॅट्स पेर्सन या जुन्या सोबत्याच्या मदतीने त्याने ते बांधले आणि मारीच्या हवाली केले. ती सुरुवात दबक्या आवाजात करते आणि चढत चढत अशा ठिकाणी पोचते, की तिथे शब्द इंग्रजी आहेत की आणखी कुठले, हे आपण विसरतो.

पण मला अधिक गंमत वाटते ती दुसऱ्या गाण्याची, 'द लुक'ची. गेस्लेने एक नवे विजेचे वाद्य, सिंथेसायझर, घेतले होते आणि ते कसे चालवायचे हे तो शिकत होता. शिकता शिकता खर्जातली एक ठेक्याची ओळ हाताला लागली. तिच्यावर चाल बसली. कडव्यांत म्हणायला काहीतरी हवे म्हणून त्याने जे मनात आले ते खरडले. पुढे चांगले शब्द सुचतील, मग बदलू! ते सुचले नाहीत. शेवटी रुमाल तिथेच राहिला आणि तसाच ध्वनिमुद्रित झाला. त्या कडव्यांतल्या प्रतिमा एकमेकींना ओळखतसुद्धा नाहीत. एका बाकावर बसलेल्या अनोळखी प्रवाशांसारख्या त्या शेजारी शेजारी बसल्या आहेत. आणि शेवटाकडे तर 'न' या एकाच अक्षराचा तराणा.

शब्द आणि अर्थ यांची जोडी पार्वती-परमेश्वरासारखी, असे कालिदासाच्या दाखल्याने मी वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो आहे. त्यामुळे हे गाणे मला आवडते, हे सांगताना मला थोडे चोरट्यासारखे होते. पण तराण्यात अर्थ शोधायला आपण कुठे जातो? परभाषेत लिहिणाऱ्या माणसाला शब्दाचा नाद आधी ऐकू येतो. इंग्रजीत वाढलेल्या माणसाने ते कडवे लाजून खोडले असते. गेस्लेला तो संकोच नव्हता, आणि हा त्या गाण्याचा फायदाच झाला असे माझे मत आहे.

त्यात आणखी एक उलटापालट अशी, की ज्या जोडीत मारीने गायचे ठरले होते, तिच्या या गाण्यात मुख्य आवाज गेस्लेचा आहे. मारी साथीला.

ई.एम.आय.च्या अमेरिकन शाखेने तबकडी नाकारली. आमच्या बाजारात हा माल चालणार नाही, असे तिचे मत. तिथे गोष्ट संपायची. पण त्याच सुमारास एक अमेरिकन विद्यार्थी स्वीडनमध्ये शिकून घरी, मिनियापोलिसला परतला. येताना त्याने ही तबकडी आणली आणि गावच्या के.डी.डब्ल्यू.बी. या रेडिओ केंद्रावर नेऊन दिली, की हे एकदा लावा. ती बरेच दिवस तिथे पडून राहिली. तो परत मागायला गेला, तेव्हा कुठे केंद्राच्या माणसाने ऐकली. लावली मात्र, ऐकणारे टेलिफोन करू लागले! त्या केंद्राने फिती करून इतर केंद्रांना पाठवल्या. अमेरिकन कंपनीने तबकडी दुकानात आणण्याआधीच गाणे घरोघर पोचले होते. एप्रिल १९८९ मध्ये 'द लुक' अमेरिकेच्या 'बिलबोर्ड' यादीत पहिले आले. नोव्हेंबरात मागोमाग 'लिसन टू युवर हार्ट'. याचीही एक नोंद राहिली: सात इंची तबकडी न निघता, कॅसेटच्या जोरावर त्या यादीत पहिले आलेले ते पहिले गाणे.

पुढचे थोडक्यात सांगतो. १९९० साली 'प्रिटी वुमन' चित्रपटामुळे त्यांचे 'इट मस्ट हॅव बीन लव्ह' पहिले आले. हे मुळात १९८७ सालचे नाताळचे गाणे. नाताळचा उल्लेख काढून ते चित्रपटात घातले. १९९१ साली 'जॉयराइड'. म्हणजे अमेरिकेत चार वेळा पहिला नंबर.

सप्टेंबर २००२ मध्ये मारी घरीच कोसळली. मेंदूत गाठ निघाली. शस्त्रक्रिया व उपचार झाले, जीव वाचला. पण उजव्या डोळ्याची दृष्टी गेली, वाचणे गेले, मोजणे गेले. त्या काळात ती चित्रे काढू लागली. २००९ साली अ‍ॅमस्टरडॅमला गेस्लेच्या कार्यक्रमात ती पुन्हा रंगमंचावर आली, आणि नंतर जगभर दौरेही केले. शेवटी शेवटी खुर्चीत बसून गात असे. २०१६ मध्ये डॉक्टरांनी दौरे थांबवायला सांगितले. ९ डिसेंबर २०१९ रोजी ती गेली, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी.

२०२५ साली गेस्ले पुन्हा दौऱ्यावर निघाला, लेना फिलिपसन या स्वीडिश गायिकेला बरोबर घेऊन. मारीची जागा भरण्याचा हा प्रयत्न नाही, असे त्याने आधीच स्पष्ट केले होते. 'द लुक'ची ती रुमालाची कडवी तो स्वतःच गातो. 'लिसन टू युवर हार्ट' लेना गाते.