जांगल: पडद्यावरचं अरण्य आणि जिंतूरचा डोंगर

पडद्यावर एक सपाट हिरवा नकाशा उघडतो. पैशाला तोटा नाही, वेळेचं बंधन नाही. 'प्लॅनेट झू' नावाच्या या गेममध्ये तुम्हाला स्वतःचं प्राणी उद्यान उभारायचंय आणि त्यातला एक भाग जंगलाचा करायचाय. नवखा खेळाडू झाडांची यादी उघडतो, माड, केळी, वेली निवडतो आणि मुठीने बी फेकावं तशी झाडं टाकत सुटतो. तासाभरात शे-पाचशे झाडं उभी राहतात. मग तो कॅमेरा जमिनीलगत आणून बघतो आणि मन खट्टू होतं. झाडं भरपूर आहेत, पण जंगल काही दिसत नाही. ही तर रोपवाटिका झाली.

कुठे चुकलं, हे कळायला संगणक बंद करून परभणीहून जिंतूरला जावं आणि नेमगिरीचा डोंगर चढावा. परभणी हा महाराष्ट्रातल्या सगळ्यात कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांपैकी एक. काळ्या रानातून गाडी चाललेली असते, कापूस, सोयाबीन, तूर, बांधावर एखादी बाभूळ, आणि जिंतूरजवळ जमीन अचानक उठते. जंगल शिकायला ही जागा फार चांगली. दाट अरण्यात सगळंच एकात एक मिसळलेलं असतं. इथे प्रत्येक झाड सुटं दिसतं आणि ते नेमकं तिथेच का उभं आहे, हे वाचता येतं.

आधी 'जंगल' हा शब्दच उघडून पाहू, कारण त्याच्या पोटात एक नवल दडलंय. हा शब्द आला संस्कृतातल्या 'जांगल'वरून. चरकसंहितेच्या कल्पस्थानात भूमीचे तीन प्रकार सांगितलेत: जांगल, आनूप आणि साधारण. आनूप म्हणजे पाणथळ, दमट, गर्द सावलीचा प्रदेश. जांगल बरोबर त्याच्या उलट. भरपूर मोकळं आकाश, कोरडा वारा, खडबडीत जमीन, मृगजळ, आणि लावा-तित्तिरांचा वावर. तिथल्या झाडांची यादीही दिली आहे. खैर, धावडा, सालई, बोर, टेंभुर्णी, आवळा, वड, पिंपळ, शमी, अर्जुन, शिसम अशी नावं तीत येतात. जिंतूरकडच्या एखाद्या जुन्या गुराख्याला ही नावं वाचून दाखवा. त्यातली बहुतेक झाडं तो बोट करून दाखवील.

म्हणजे मुळात 'जंगल' हे मराठवाड्यातल्या माळा-डोंगरासारख्या कोरड्या भूमीचं नाव होतं! अठराव्या शतकात हा शब्द इंग्रजीत गेला आणि तिकडे त्याचा अर्थ हळूहळू ओला होत गेला. वेली लोंबणारं, चिखलाचं, अंधारं रान म्हणजे जंगल, अशी समजूत जगभर रुजली. फ्रान्सिस झिमरमन या फ्रेंच अभ्यासकाने 1982 साली या उलटापालटीभोवती एक आख्खा ग्रंथ लिहिला. किपलिंगच्या 1894 सालच्या 'द जंगल बुक'मधलं रानही सिवनीच्या डोंगरांतलं, म्हणजे आपल्या पेंचच्या शेजारचं, उन्हाळ्यात पानं गाळणारं. गेमच्या यादीत 'ट्रॉपिकल' या नावाखाली जे मिळतं ते चरकाच्या भाषेत आनूप. आपल्याला जांगल उभारायचंय.

सुरुवात झाडांपासून करायची नाही. सुरुवात दगडापासून.

नवा खेळाडू डोंगर करतो तो भाताच्या मुदीसारखा, वर निमुळता. दख्खनचे डोंगर असे नसतात. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथे जमिनीच्या भेगांमधून लाव्हा वाहिला, थिजला, त्यावर पुन्हा वाहिला. थरावर थर बसले. त्यातला कठीण थर कड्यासारखा उभा राहतो, मऊ थर झिजून उतार होतो, आणि माथा सपाट राहतो. भूगर्भशास्त्रात या खडकाला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. त्यातला 'ट्रॅप' हा स्वीडिश भाषेतल्या जिन्याच्या शब्दावरून आलाय, आणि हे डोंगर खरोखरच पायऱ्यांचे आहेत. तेव्हा गेममध्ये माती वर ओढताना एकदम ओढू नका. थोडा कडा, मग थोडा उतार, पुन्हा कडा. एवढं एक केलं, तरी झाड लावायच्या आधीच ती जागा दख्खनची वाटू लागते.

हे करता येतं, त्यामागे वीस वर्षांची कारागिरी आहे. 1999 साली ख्रिस सॉयर यांनी 'रोलरकोस्टर टायकून' जवळजवळ एकट्याने, यंत्राच्या अगदी जवळच्या असेंब्ली भाषेत लिहिला. त्यात जमीन म्हणजे चौकोनी फरशा. एकेक फरशी पायरीपायरीने वर उचलायची, बस्स. 2016 च्या 'प्लॅनेट कोस्टर'मध्ये आणि 2019 च्या 'प्लॅनेट झू'मध्ये जमीन घन ठोकळ्यांच्या हिशेबाने साठवलेली असते. त्यामुळे ती खव्याच्या गोळ्यासारखी कुठूनही दाबता, खणता, आतून पोखरता येते. कपारी कोरता येतात, कड्याखाली सावली पाडता येते.

दगडानंतर पाणी. पाऊस डोंगरावर पडतो आणि वाट काढत खाली येतो. ती वाट आधी आखा, भले तो कोरडा ओहोळ का असेना. आता झाडांची जागा आपोआप ठरते. माथ्यावर मातीचा थर बोटभर, खाली मुरूम. तिथे सालई आणि खैर तग धरतात. मधल्या उतारावर धावडा, पळस, टेंभुर्णी. ओढ्याच्या काठाला अर्जुन, करंज, उंबर, जांभूळ, ज्यांना मुळाशी ओल लागते. आणि तळाच्या काळ्या मातीत, जी उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते, तिथे बाभूळ. कोणतं झाड कुठे, हे आपल्या हौसेने ठरत नाही. पाणी ठरवतं.

यादीत नेमकं झाड नसेल तर त्याचे भाऊबंद शोधावेत, आणि इथे आणखी एक नवल भेटतं. अशा खेळांत आफ्रिकेच्या गवताळ रानासाठी छत्रीसारख्या माथ्याची काटेरी झाडं दिलेली असतात. ती बाभळी-खैराच्याच गोतावळ्यातली. आपल्या बांधावरच्या बाभळीच्या शास्त्रीय नावात 'निलोटिका' आहे, म्हणजे नाईल नदीकाठची. एकच झाड नाईलच्या काठी आणि गोदावरीच्या काठी उभं! म्हणून आफ्रिकेची म्हणून दिलेली बाभूळ परभणीच्या रानात लावली, तर त्यात खोटं काही नाही.

आता झाडांमधलं अंतर. हाताने लावताना माणूस नकळत रांगा धरतो. रानात रांग नसते, पण नुसता गोंधळही नसतो. मोठ्या झाडाखालची बरीच रोपं सावलीने आणि पाण्याच्या ओढाताणीने मरतात, त्यामुळे मोठी झाडं एकमेकांना जागा देऊन उभी असतात. पळसासारखं झाड मात्र मुळातूनही फुटवे काढतं, त्यामुळे त्याचे झुपके दिसतात. मोठी झाडं विरळ, लहानांचे घोळके, मध्ये मोकळं. शिवाय प्रत्येक झाड थोडं फिरवून लावा, म्हणजे एकच नमुना शंभरदा वापरलाय हे डोळ्याला कळत नाही. दगड जमिनीवर ठेवू नका, निम्मा पुरा. नुसता ठेवलेला दगड परवा आणून टाकलेला वाटतो. पुरलेला दगड हजारो वर्षांचा वाटतो.

गच्च वर्षावनात तळाशी जेमतेम शंभरातला एखाद-दुसरा भाग उजेड पोचतो. आपल्या जांगलात ऊन थेट भुईपर्यंत येतं, आणि म्हणून इथे गवत आहे. पवन्या, मारवेल, पायात रुतणारं कुसळी. गवत आहे म्हणून हरणं आहेत. तेव्हा भुई रिकामी ठेवू नका. पिवळं गवत, तरवडाची झुडपं, बोरीची जाळी, पाचोळा, एखादं वारूळ. जवळून बघणाऱ्याला जंगल खरं वाटतं ते गुडघ्याच्या खालच्या या पसाऱ्यामुळे.

हे सगळं संगणक कसं रंगवतो, ते तर थक्क करणारं आहे. ॲरिस्टिड लिंडेनमायर या वनस्पती-अभ्यासकाने 1968 साली शेवाळाची वाढ मांडायला एक साधा नियम लिहिला. समजा 'अ' वाढला की 'अब' होतो आणि 'ब' वाढला की 'अ' होतो. अ, मग अब, मग अबअ, मग अबअअब. अक्षरं मोजा: 1, 2, 3, 5, पुढे 8, 13. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी छंदांच्या मात्रा मोजताना सांगितलेल्या याच संख्या! अशाच नियमांत 'इथे फांदी फोड', 'इथे इतकं वळ' अशा खुणा घातल्या की पडद्यावर अख्खं झाड वाढवता येतं. दुसरी करामत केन पर्लिन यांची. संगणकाची चित्रं फार गुळगुळीत, निर्जीव दिसतात हे त्यांना खटकत होतं. 1983 साली त्यांनी अशी एक गणिती रीत शोधली की खडबड यावी, पण ओबडधोबडपणा येऊ नये. दगडाचे डाग, ढगांचे पुंजके, मातीचा उंचसखलपणा, सगळीकडे ती वापरली जाते. त्या कामासाठी त्यांना 1997 साली ऑस्करचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. आणि दूरचं झाड तर संगणक बहुधा सगळं रंगवतच नाही. जवळच्याची पानं रंगवतो, लांबच्याचा नुसता आकार उभा करतो. आपला डोळाही डोंगरावरच्या झाडाची पानं कुठे मोजतो?

मग येते वाट. जंगल एका नजरेत संपलं, तर ते जंगल राहत नाही. वाटेला वळण द्या आणि वळणाच्या पोटात झाडांचा झुपका ठेवा. पुढचं दिसता कामा नये. कुंपण लपवायची विद्या तर शंभर वर्षांहून जुनी. कार्ल हागेनबेक यांनी 1907 साली हॅम्बुर्गजवळ गज नसलेलं प्राणी उद्यान उघडलं. प्रेक्षक आणि सिंहाच्या मध्ये खंदक होता, पण समोरून तो दिसत नसे. 1955 साली डिस्नेलँडच्या 'जंगल क्रूझ'साठी बिल इव्हान्स यांनी काही झाडं चक्क उलटी लावली, मुळं आभाळाकडे करून, कारण ती मुळं अनोख्या फांद्यांसारखी दिसत. आपल्याकडे नागपूरच्या गोरेवाड्याने उलटी वाट धरली. तिथे 26 जानेवारी 2021 रोजी सफारी सुरू झाली ती आधीपासून असलेल्या पानगळीच्या रानातच. जंगल मुळातच होतं, वाट तेवढी आखायची होती.

राहिला काळ. गेममधलं झाड वर्षभर एकाच रूपात उभं असतं, म्हणून एक ऋतू आपणच निवडायचा. मी फाल्गुन निवडेन. त्या दिवसांत धावड्याने पाणी वाचवायला पानं टाकून दिलेली असतात, सालईच्या खोडाची साल कागदासारखी सुटत असते, आणि निष्पर्ण पळस पेटलेला असतो. पळस फुलतो तेव्हा पानं नसतात, ते उगाच नव्हे. त्याचं परागीभवन पाखरं करतात, आणि आड यायला पान नसलं की ते केशरी फूल त्यांना लांबून दिसतं. 'पळसाला पाने तीनच' असं आपण सहज म्हणून जातो. पण ती म्हण म्हणजे कुणीतरी शेकडो झाडं जवळून न्याहाळून काढलेलं अनुमान आहे. कुठेही जा, एका देठाला तीनच पानं. गेममधलं जंगल खरं करायचं, तर असंच बघावं लागतं.

हे असं बघायला लागलं की घरातले डबेसुद्धा रानाचा पत्ता सांगू लागतात. बाळंतिणीच्या लाडवातला डिंक धावड्या-बाभळीच्या खोडातून पाझरतो. विड्यातला कात खैराच्या गाभ्यातून निघतो. पत्रावळ पळसाची, विडीचं पान टेंभुर्णीचं. चरकाच्या यादीतली झाडं आपल्या स्वयंपाकघरात आणि खिशात येऊन बसली आहेत.

माझं सगळ्यात आवडतं काम शेवटचं: आवाज. डोळे मिटून नेमगिरीच्या उतारावर बसा. तांबट ठोके देत असतो, सातभाईंचा कलकलाट चाललेला असतो, लांब कुठेतरी तित्तिर ओरडतो आणि गवतातून वारा जातो. मृगाच्या तोंडावर पावशा 'पेरते व्हा' सांगत सुटतो. यातला एकेक आवाज काढून पाहा, डोंगर थोडा थोडा रिकामा होत जातो.

जिंतूरच्या रस्त्याने जाताना गाडीतलं कुणीतरी या डोंगराकडे बघून हमखास म्हणतं, "सगळं उजाड आहे." पडद्यावर एकदा हे रान उभारून बघितलेल्याला तसं म्हणवत नाही. पायऱ्यांचा दगड, कोरडा ओहोळ, ओहोळाच्या कडेने गेलेली अर्जुनाची हिरवी रेघ, वरच्या अंगाला फिकट खोडांची सालई, सगळं त्याला ओळखीचं दिसतं. एकेक वस्तू हाताने ठेवताना ती तिथे का आहे, हे त्याला स्वतःला सांगावं लागलेलं असतं. त्या उजाड म्हटलेल्या उतारालाच पूर्वी जंगल म्हणत, हेही त्याला आता ठाऊक असतं.