टेम्पोचा अल्टरनेटर घरी बदलायचाय? आधी मल्टिमीटर काढा

ज्यांच्या धंद्यात एकच टेम्पो आहे, त्यांच्यासाठी आजचा विषय. गाडी दारात उभी राहिली तरी बँकेचा हप्ता थांबत नाही. म्हणून डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला की बरेच जण घाईघाईत नवा अल्टरनेटर घेऊन येतात. (गॅरेजवाले याला अजून डायनामोच म्हणतात.)

जरा थांबा. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर साधारण 12.6 व्होल्ट दिसतात. इंजिन चालू केल्यावर साधारण 13.8 ते 14.4 दिसायला हवेत. मोठ्या ट्रकची 24 व्होल्टची सिस्टीम असेल तर आकडे दुप्पट धरा. आकडा वर गेलाच नाही, तर चार्जिंग होत नाहीये. पण म्हणून अल्टरनेटरच गेला असं नाही! बेल्ट सैल आहे का, मागचा प्लग निघालाय का, फ्यूज उडालाय का, अर्थिंगची वायर गंजलीय का, ते बघा. हे सगळं ठीक असलं तरी कधी कधी नुसता कार्बन ब्रश किंवा रेग्युलेटर गेलेला असतो. ऑटो इलेक्ट्रिशियन तेवढंच बदलून देतो, नव्या युनिटपेक्षा बऱ्याच कमी पैशात.

आणि एक. "चालू गाडीत बॅटरीची वायर काढून बघ" असं कुणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका. व्होल्टेज एकदम उसळतं आणि चांगले डायोड, अगदी ईसीएमसुद्धा जळू शकतो.

बदलायचं नक्की झालं, की इंजिन थंड होऊ द्या आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सगळ्यात आधी काढा. अल्टरनेटरच्या जाड वायरमध्ये इंजिन बंद असतानाही करंट असतो. पाना बॉडीला टेकला की ठिणगी! वायरिंगचा मोबाईलवर फोटो काढा, बेल्ट ढिला करून उतरवा, मग वायरी आणि बोल्ट. नवा घेताना जुना सोबत न्या. पार्ट नंबर, अँपिअर आणि पुलीच्या खाचा जुळल्याच पाहिजेत.

आता खरी जोखीम. बऱ्याच छोट्या डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या मागेच व्हॅक्यूम पंप असतो. त्याला ऑइलच्या नळ्या असतात आणि ब्रेक बूस्टरला जाणारा पाइपही. म्हणजे हे काम नुसतं लाईटचं नाही, ब्रेकचं आहे. पाइप नीट बसला नाही तर पेडल दगडासारखं कडक होतं, आणि माल भरलेली गाडी उतारावर आवरत नाही. तुमच्या गाडीत असा पंप असेल आणि पहिलीच वेळ असेल, तर माझं स्पष्ट मत: मेकॅनिकला मजुरी द्या, शेजारी उभं राहून शिका. गाडी वॉरंटीत असेल तर हातच लावू नका.

पंप नसेल तर खुशाल करा. शेवटी निगेटिव्ह वायर जोडा, इंजिन चालू करून पुन्हा व्होल्टेज मोजा, मग हेडलाईट लावून परत एकदा. तारीख, किलोमीटर आणि खर्च गाडीच्या वहीत लिहा. जुना पीस फेकू नका. काही दुकानदार त्याचे पैसे नव्याच्या बिलातून वजा करतात.