हुसेन खान यांचे दहा आणे

बिदर आणि गुलबर्गा हे जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. आमच्या भागातल्या जुन्या मराठी घरांना मोठा दवाखाना म्हटलं की अजूनही आधी हैदराबादच आठवतं. पण सूक्ष्मजीवशास्त्राचा इतिहास शाळेत शिकवला गेला तो डेल्फ्टचा, पॅरिसचा, बर्लिनचा. त्या इतिहासातला एक निर्णायक प्रयोग आपल्याच जुन्या राज्यात, सिकंदराबादजवळच्या बेगमपेठेत झाला, हे मात्र कुणी सांगितलं नाही. या एका खंतीपोटी तो प्रयोग करणारे लष्करी डॉक्टर रोनाल्ड रॉस यांच्या आठवणी आणि लंडनमधले त्यांचे मार्गदर्शक डॉक्टर पॅट्रिक मॅन्सन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार मी गेली कित्येक वर्षं पुन्हा पुन्हा वाचत आलो आहे. वाचायला घेतलं रॉस यांच्यासाठी, पण मन अडकलं ते त्यांच्या रुग्णांमध्ये.

लेवेनहूक यांची भिंगं, पाश्चर यांचे चंबू, कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केलेला क्षयाचा जंतू, हे सगळं वाचकांना ठाऊक आहे. कॉख यांची रीत सरळ होती: रोग्याच्या शरीरातून जंतू काढायचा, बशीत एकटा वाढवायचा, निरोगी प्राण्याला टोचायचा आणि तोच रोग होतो का ते पाहायचं. हिवतापापुढे ही रीत थांबली. फ्रेंच लष्करी डॉक्टर लॅव्हेरान यांना ६ नोव्हेंबर १८८० रोजी अल्जीरियातल्या कॉन्स्टंटाइन इथे एका सैनिकाच्या रक्तात परजीवी दिसला होता. पण तो बशीत वाढेना. (प्रयोगशाळेत तो सलग वाढवणं थेट १९७६ मध्ये जमलं.) म्हणजे हिवतापावर काम करायचं तर तापाने फणफणलेला माणूसच हवा. पुढचं सारं या एका अडचणीतून घडलं.

खुद्द हैदराबादेत या परजीवीला सर्वांत मोठा विरोधक बसला होता. एडवर्ड लॉरी हे रेसिडेन्सी सर्जन आणि हैदराबाद मेडिकल स्कूलचे प्रमुख. निजाम सरकारच्या पैशावर १८८८ आणि १८८९ मध्ये त्यांनी क्लोरोफॉर्मची तपासणी करणारे दोन आयोग चालवले आणि हैदराबादचं नाव जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत नेलं. अशा वजनदार माणसाला लॅव्हेरान यांचा परजीवी मान्य नव्हता. लॉरी यांच्या हट्टाला मी अडाणीपणा म्हणणार नाही. न रंगवलेल्या ताज्या रक्तात तांबड्या पेशींमधल्या पोकळ्या आणि खरा परजीवी यांत फसगत होणं सोपं होतं. रॉस स्वतः १८९४ पर्यंत याच पक्षात होते. हिवताप आतड्यांतल्या बिघाडामुळे होतो असं त्यांनी लिहिलंही होतं. लंडनला मॅन्सन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली परजीवी दाखवला, तेव्हा त्यांचं मत फिरलं. दोघांतला फरक एवढाच की रॉस यांनी पुन्हा पाहिलं. मला हा फरक फार मोठा वाटतो.

१८९५ मध्ये रॉस सिकंदराबादला १९व्या मद्रास पायदळाकडे परतले ते मॅन्सन यांची कल्पना घेऊन: डास रक्तातून परजीवी घेतो, पाण्यात मरतो आणि ते पाणी पिणाऱ्याला ताप येतो. ती अर्धी बरोबर होती, अर्धी चूक. पण ती तपासायला माणसं लागली. अब्दुल कादिर नावाच्या रुग्णाच्या रक्तात चंद्रकोरीच्या आकाराचे परजीवी होते. पैसे देऊन त्यांना मच्छरदाणीत झोपवलं जाई आणि आत डास सोडले जात. त्याच वर्षी मे महिन्यात, रुग्णाला चावलेले डास ज्यात मेले होते ते पाणी काही माणसांना प्यायला दिलं गेलं. त्यांत लछमन नावाचा एक धडधाकट तरुण होता. काही दिवसांनी त्याला ताप आला. रॉस क्षणभर हरखले, पण त्याच्या रक्तात परजीवी सापडला नाही. मॅन्सन यांना गेलेल्या पत्रांतून हे सगळं उघड, कसलाही संकोच न ठेवता सांगितलेलं आहे. त्या काळच्या विज्ञानाला यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं, आणि मला सर्वांत अस्वस्थ करतं ते हेच.

दोन वर्षं वाया गेली ती चुकीच्या डासांमुळे. रॉस करड्या आणि पट्टेरी डासांची चिरफाड करत होते. माणसाचा हिवताप त्या जातींत वाढतच नाही. मध्ये कॉलऱ्याच्या कामासाठी बंगळूरला बदली झाली. उटीजवळच्या सिगूर घाटात त्यांना स्वतःलाही हिवताप झाला. १८९७ च्या जूनमध्ये ते सिकंदराबादला परतले. ऑगस्टमध्ये त्यांच्या माणसांनी आणलेल्या अळ्यांतून वेगळेच डास निघाले: तपकिरी अंगाचे, पंखांवर ठिपके असलेले. आज आपण त्यांना ॲनाफिलीस म्हणतो. रॉस यांना ते नावही माहीत नव्हतं.

१६ ऑगस्टला हे डास हुसेन खान नावाच्या रुग्णाला चावू दिले गेले. त्यांच्याही रक्तात चंद्रकोरी होत्या. दर डासामागे एक आणा ठरला होता. दहा डास पोटभर रक्त प्यायले, हुसेन खान यांना दहा आणे मिळाले. सोळा आण्यांचा रुपया, म्हणजे रुपयालाही सहा आणे कमीच.

पुढचे चार दिवस रॉस एकेक डास फाडत राहिले. पंखा चालवता येत नव्हता, कारण वाऱ्याने डास उडून जात. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते, उरलेल्या एकमेव नेत्रभिंगाला तडा गेला होता. २० ऑगस्टला दुपारी, ३८ क्रमांकाच्या डासाच्या जठराच्या भिंतीत एक गोल पेशी दिसली. तिच्यात हिवतापाच्या परजीवीत असतात तसेच काळे कण होते. दुसऱ्या दिवशी उरलेल्या डासात तशाच पेशी होत्या, पण आणखी मोठ्या. म्हणजे ती डासाची स्वतःची पेशी नव्हती; त्याच्या अंगात काहीतरी वाढत होतं. लॉरी यांना याहून चोख उत्तर देता आलं नसतं, कारण रक्तपेशीतली पोकळी डासाच्या पोटात जाऊन वाढत नाही.

उरलेली गोष्ट थोडक्यात. १८ डिसेंबर १८९७ च्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निबंध आला, पण त्याआधीच रॉस यांना राजपुतान्यातल्या खैरवाड्याला धाडलं गेलं होतं. १८९८ मध्ये कलकत्त्याला पक्ष्यांच्या हिवतापावर काम करून, परजीवी डासाच्या लाळग्रंथीतून दंशावाटे पसरतो हे त्यांनी दाखवलं. त्याच वर्षी इटलीत ग्रासी आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या हिवतापाचं चक्र ॲनाफिलीसमध्ये पूर्ण करून दाखवलं. श्रेयाचा कडवट वाद पेटला. १९०२ चं नोबेल एकट्या रॉस यांना मिळालं. त्या वादात इतकी शाई खर्च झाली, पण ज्यांच्या रक्तावाचून पहिली पेशी दिसलीच नसती, त्या माणसाच्या श्रेयाचा प्रश्न कुणी काढला नाही.

तो काळच तसा होता, हे उत्तर मला पटत नाही. बेगमपेठेतल्या प्रयोगाच्याच वर्षी, १० जानेवारी १८९७ रोजी, मुंबईत वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती दिली. कैद्याची स्वेच्छा किती मोकळी, हा प्रश्न उरतोच. तरीही ‘आधी मी’ ही मर्यादा त्याच काळात, त्याच देशात कुणीतरी पाळली होती.

रॉस यांची चिकाटी खरी होती आणि तिने असंख्य जीव वाचवले. त्यांचा मान कमी करावा असं मी म्हणत नाही. मागणं इतकंच की प्रयोगाची गोष्ट पूर्ण सांगावी. बेगमपेठेतली ती इमारत आज उस्मानिया विद्यापीठाची सर रोनाल्ड रॉस परजीवीशास्त्र संस्था म्हणून ओळखली जाते, आणि २० ऑगस्ट जगभर डास दिन म्हणून पाळला जातो. बिदर, भालकी, बसवकल्याण, आळंद इथल्या शाळांत त्या दिवशी विज्ञानाचा तास घेताना ३८व्या डासाबरोबर अब्दुल कादिर, लछमन आणि हुसेन खान यांचीही नावं फळ्यावर लिहावीत. जो जंतू बशीत वाढत नव्हता तो अब्दुल कादिर आणि हुसेन खान यांच्यासारख्या माणसांच्या अंगात वाढला, म्हणून तो जगाला कळला. हे विज्ञानाचंच विधान आहे, आणि ते गाळलं तर प्रयोगाचं वर्णन अपुरं राहतं.